प्रीफॅब घर बांधताय? आधी कंत्राटदार पारखा

गगनबावडा, राधानगरीकडं शेतात प्रीफॅब घर उभारायचंय? मग चकचकीत कॅटलॉग बाजूला ठेवा. कंत्राटदाराला दोन पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा, तेही भर जुलैत! पॅनेलचे सांधे, छताचे स्क्रू, खिडकीखालचे कोपरे बघा. गळती बहुधा तिथूनच.

‘पाया तुमच्याकडं’ म्हणणारे बरेच भेटतील. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, त्यामुळं पाया कोण करणार ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. पंचगंगेकाठी जागा असेल तर पूररेषा तपासा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या बरंच वर होतं.

सांगाडा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बनत असेल तर ॲडव्हान्सआधी कारखान्यात चक्कर मारा, पत्र्याची जाडी स्वतः मोजा.