मारिओच्या नाण्यामागे

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळताना पडद्याच्या वरच्या पट्टीत गुण, नाणी, वर्ल्ड आणि उरलेला वेळ दिसत राहतो. मारिओ उजवीकडे धावतो तसे विटा, ढग, हिरवे पाइप सगळे डावीकडे सरकतात. ही पट्टी मात्र जागची हलत नाही. जुन्या व्हिडिओ गेमची यंत्रं आजच्या कॉम्प्युटरवर जिवंत करणाऱ्या एम्युलेटर या सॉफ्टवेअरवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि मी त्याचा इतिहास चाळायला घेतला. वाचता वाचता त्या पट्टीतल्या नाण्याच्या छोट्या चित्रापाशी येऊन थांबले आणि तिथेच रमले. कारण त्या नाण्यामागे एक आकृती लपवलेली आहे, आणि यंत्राला ती दिसली नाही तर सगळा खेळ जागीच गोठतो. चांगला एम्युलेटर लिहिणं किती अवघड आहे हे समजायला ही एक आकृती पुरेशी आहे.

इतिहास थोडक्यात असा. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणलं. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९८५ मध्ये तेच यंत्र निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम या नावानं अमेरिकेत गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात आली ती बहुतेक त्या रचनेवर बेतलेली स्वस्त यंत्रं. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावं त्या पिढीला आजही आठवतात. त्यांच्या कार्ट्रिजला आपण सरसकट कॅसेट म्हणायचो. १९९६ मध्ये मारात फैझुलिन यांचा ‘आयनेस’ हा एम्युलेटर आला आणि १९९७ मध्ये आयसर अ‍ॅडिस यांचा ‘नेस्टिकल’. नेस्टिकल त्या काळच्या साध्या पीसीवरही सुसाट चालायचा, म्हणून तो जगभर पोचला. २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयानं एम्युलेटर बनवण्यासाठी यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा उलट्या दिशेनं अभ्यास करणं वैध ठरवलं. गेमच्या प्रती वाटण्याची मुभा मात्र त्यातून कोणाला मिळाली नाही.

आता नाण्याकडे.

या यंत्रात मुख्य चिप्स दोन. एक प्रोसेसर, सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांवर चालणारा. दुसरी चित्र काढणारी चिप, बरोबर त्याच्या तिप्पट वेगाची. प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्रचिप तीन ठिपके पुढे जाते. एका ओळीला तिचे ३४१ ठोके लागतात, त्यांतले २५६ ठिपके पडद्यावर येतात. अशा २६२ ओळी झाल्या की एक चित्र पुरं होतं. त्यांपैकी २४० ओळी दिसणाऱ्या. सेकंदाला साठ चित्रं.

या यंत्रात पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. २५६ गुणिले २४० म्हणजे ६१,४४० ठिपके. आणि प्रोसेसरच्या हाताशी मेमरी २ किलोबाइट, चित्रचिपच्या हाताशी आणखी २. म्हणून चित्र आधी तयार करून मग दाखवायचं, हा मार्ग बंद. टीव्हीचा किरण ज्या क्षणी ज्या ठिपक्यावर असेल त्याच क्षणी त्या ठिपक्याचा रंग ठरवायचा. शिवाय पार्श्वभूमी किती सरकवायची याचा आकडा सगळ्या पडद्यासाठी एकच. मग वरची पट्टी स्थिर आणि खालचं जग सरकतं, हे जमवायचं कसं? एकच उपाय उरतो: चित्र निम्मं-शिम्मं उमटत असतानाच तो आकडा बदलायचा. पण किरण या क्षणी कुठल्या ओळीवर आहे हे प्रोसेसरला सांगणारं घड्याळ यंत्रात नाही.

त्यासाठी चित्रचिपमध्ये एक छोटी सोय ठेवलेली आहे. पडद्यावर हलणाऱ्या आकृत्यांना स्प्राइट म्हणतात; त्या एकूण ६४, क्रमांक शून्यापासून ६३ पर्यंत. शून्य क्रमांकाच्या स्प्राइटचा भरीव ठिपका पार्श्वभूमीच्या भरीव ठिपक्यावर येतो, त्या क्षणी चिप एक खूण उभी करते. मारिओच्या निर्मात्यांनी हा शून्य क्रमांकाचा स्प्राइट नाण्याच्या खालच्या कडेमागे लपवला, पडद्याच्या वरून तीसेक ओळी खाली. दर चित्राच्या सुरुवातीला गेम सरकण्याचा आकडा शून्यावर आणतो, म्हणून पट्टी स्थिर उमटते. मग प्रोसेसर चित्रचिपला विचारत बसतो: खूण आली का? आली का? खूण दिसली की तो काही ठोके थांबतो आणि खरा आकडा लिहितो. तिथून खाली मारिओचं जग सरकायला लागतं. खूण आलीच नाही तर प्रोसेसर कायमचा विचारत राहतो. अवघ्या ४० किलोबाइटच्या या खेळात हा संवाद सेकंदाला साठ वेळा घडतो.

एम्युलेटर लिहिणाऱ्याला हाच संवाद जसाच्या तसा घडवावा लागतो. प्रोसेसरचं अनुकरण त्या मानानं सरळ आहे: मेमरीतून पुढची आज्ञा उचल, तिचा अर्थ लाव, ती पार पाड, किती ठोके खर्च झाले ते मोज. एका बाइटच्या आज्ञांच्या २५६ शक्यतांपैकी १५१ अधिकृत; उरलेल्यांतल्या काही काही गेम्सनी वापरल्या म्हणून त्याही लिहाव्या लागतात. कठीण भाग दोन चिप्सना एकत्र चालवण्याचा. खऱ्या यंत्रात दोघी एकाच वेळी चालतात, सॉफ्टवेअरमध्ये आळीपाळीनं. दिंडीत पुढे गेलेल्यानं थांबावं आणि मागच्यानं गाठावं, तसा त्यांचा मेळ राखावा लागतो. सुरुवातीच्या एम्युलेटरांनी तो ओळीगणिक राखला: प्रोसेसरचे ११३-११४ ठोके एकदम चालवायचे, मग अख्खी ओळ रंगवायची. अनेक लोकप्रिय गेम्स एवढ्यावर चालायचे. ज्या खेळानं ओळीच्या मधेच काही बदललं, तो मात्र बिघडायचा.

मग ज्यांना हा बिघाड सहन होत नव्हता अशी माणसं पुढे आली. ‘ब्लार्ग’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरनं चिपची एकेक सवय तपासणारे छोटे चाचणी-प्रोग्रॅम लिहिले. ते खऱ्या यंत्रावर चालवायचे, उत्तर टिपायचं, मग एम्युलेटरवर चालवून दोन्ही जुळतात का पाहायचं. शून्य क्रमांकाच्या स्प्राइटची खूण नेमक्या कुठल्या ठिपक्यावर उभी राहते, यासाठीही चाचण्या आहेत. आजचा ‘मेसेन’सारखा एम्युलेटर अशा चाचण्यांच्या भट्टीतूनच तयार झाला.

या वृत्तीचं सर्वांत उत्कट रूप मला ‘ब्यू’, आणि पुढे ‘नीअर’, या नावानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरमध्ये दिसलं. १९९० च्या सुपर फॅमिकॉमचा ‘बीस्नेस’ हा एम्युलेटर त्यांनी २००४ पासून लिहायला घेतला. यंत्र काय करतं ते अचूक लिहायचं आणि एखाद्या गेमपुरती खास ठिगळं लावायची नाहीत, हा त्यांचा आग्रह होता. त्याची किंमत मोठी होती. जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्राचं अनुकरण करायला सुमारे ३ गिगाहर्ट्झचा कॉम्प्युटर लागतो, असं त्यांनी २०११ मध्ये मोकळेपणानं लिहिलं, आणि तो खर्च का रास्त आहे हे उदाहरणांनी दाखवलं. ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’मध्ये विमानाची जमिनीवरची सावली ओळ रंगत असतानाच केलेल्या बदलातून उमटते, ओळीगणिक चित्र काढणाऱ्या एम्युलेटरवर ती दिसतच नाही. ‘स्पीडी गोन्झालेस’च्या शेवटाकडच्या एका टप्प्यात बटण दाबलं की खेळ अशा पत्त्यावरून वाचतो जिथे काहीच जोडलेलं नाही. खऱ्या यंत्रात तारांवर राहिलेलं आधीचं मूल्य तिथे मिळतं आणि ते योग्य क्षणी बदलतं. इतर एम्युलेटरांवर ते बदलत नव्हतं, म्हणून खेळ तिथे कायमचा अडकायचा.

नीअर यांनी शेकडो कॅसेटी स्वतः मिळवून त्यांतला मजकूर उतरवला. काही कॅसेटींमध्ये स्वतंत्र मदतनीस चिप असते, उदाहरणार्थ ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये. तिच्यातला प्रोग्रॅम बाहेरून वाचता येत नाही. अशा चिपचं आवरण आम्लानं विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढून आतला मजकूर वाचण्याच्या कामालाही त्यांनी बळ दिलं. जून २०२१ मध्ये नीअर गेले. त्यांचा एम्युलेटर सर्वांसाठी खुला आहे आणि इतर लोक तो पुढे नेत आहेत. एका माणसाचा हट्ट असा सार्वजनिक ठेवा होऊ शकतो, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं.

हे सगळं असूनही एम्युलेटर लावला की पहिल्या फटक्यात खेळ चालेलच असं नाही. अडचणींचं मूळ बहुतेक वेळा वर सांगितलेल्या गोष्टींतच सापडतं.

नुसता काळा पडदा आला तर आधी बायॉस पाहावा. प्लेस्टेशनसारखं यंत्र सुरू होताना स्वतःचा एक प्रोग्रॅम चालवतं; बहुतेक एम्युलेटरांना तो वेगळा द्यावा लागतो, आणि तो आपल्याच यंत्रातून उतरवलेला असावा. निन्टेंडोच्या या जुन्या यंत्राला बायॉस लागत नाही. तिथे काळा पडदा किंवा विस्कटलेलं चित्र दिसलं तर संशय कॅसेटच्या वर्णनावर घ्यावा. कॅसेटमध्ये मजकुरासोबत मेमरीचे तुकडे आलटून पालटून समोर आणणारं सर्किट असतं, त्याला मॅपर म्हणतात. मॅपर कुठला हे फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत लिहिलेलं असतं. एका जुन्या साधनानं तिथल्या रिकाम्या जागेत ‘डिस्कड्यूड’ अशी सही करून ठेवली. त्या सहीचं पहिलं अक्षर मॅपरच्या आकड्याच्या घरात पडतं आणि आकडा ६४ ने वाढतो. मजकूर शाबूत, पण एम्युलेटर भलतंच सर्किट उभं करतो. सातव्यापासून पंधराव्यापर्यंतचे बाइट, मोजणी शून्यापासून धरून, शून्य केले की अशा बहुतेक फाइल चालू लागतात. मजकूरच खराब असेल तर त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, जुळत नाही. तेव्हा कॅसेट पुन्हा उतरवण्याला पर्याय नाही.

आवाज मधेच तडतडतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. मूळ यंत्र सेकंदाला नेमकी साठ नव्हे, ६०.०९८८ चित्रं काढतं. आपला मॉनिटर ६० दाखवतो. दर दहा सेकंदांना सुमारे एक चित्र जास्तीचं होतं. पडद्याशी जुळवून घेतलं तर आवाजाचा साठा कमी पडतो, आवाजाशी जुळवलं तर चित्राला हिसका बसतो. चांगले एम्युलेटर आवाजाचा वेग कानाला जाणवणार नाही इतका कमी-जास्त करून हा फरक मुरवतात. ती सोय बंद असेल तर सुरू करावी.

‘डक हंट’ची खरी बंदूक एलसीडी टीव्हीपुढे निरुपयोगी ठरते. खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीतला संवेदक जुन्या टीव्हीच्या किरणाचा उजेड नेमक्या क्षणी शोधतो. एलसीडीवर तो क्षण चुकतो. एम्युलेटर माऊसच्या जागचा ठिपका उजळ आहे का एवढंच स्वतःच्या हिशेबात पाहतो, म्हणून तिथे नेम लागतो. सेव्ह स्टेटवर मात्र फार विसंबू नये. ते एम्युलेटरच्या त्या क्षणीच्या आतल्या स्थितीचं चित्र असतं. आवृत्ती बदलली की ते उघडेल याची खात्री नाही. गेमची स्वतःची सेव्ह करण्याची सोय असेल तर ती वापरावी.

आपल्याकडच्या लोकांची एक तक्रार मात्र वेगळी आहे: सगळं सुरळीत चालतं, तरी खेळ लहानपणीसारखा वाटत नाही, फार पळतो आणि संगीतही वेगळं ऐकू येतं. ही तक्रार खरी असू शकते. आपला टीव्ही ५० हर्ट्झचा. त्यासाठी बनवलेल्या अनेक स्वस्त यंत्रांत चित्रचिप २६२ ऐवजी ३१२ ओळी मोजायची, म्हणून सेकंदाला पन्नासच चित्रं निघायची. खेळाची आणि संगीताची चाल सहाव्या हिश्श्यानं मंदावायची. प्रोसेसरचा वेग जवळपास तोच राहिल्यानं सूर मात्र फारसा उतरायचा नाही. शिवाय त्यांतल्या अनेक यंत्रांत ध्वनीच्या चौकोनी लहरींचे दोन प्रकार आपसांत बदललेले होते, त्यामुळे तीच धून निराळ्या पोताची वाजायची. मेसेनमध्ये ‘डेंडी’ हा यंत्रप्रकार निवडून लहरींच्या अदलाबदलीची खूण केली की दोन्ही गोष्टी परत मिळतात. रशियात खपलेल्या अशाच एका यंत्राचं ते नाव. तिथल्या उत्साही मंडळींनी आपल्या बालपणाचं यंत्र नीट मोजून ठेवलं, म्हणून ती सोय आज आपल्याही उपयोगी पडते.

यापुढची अडचण सेटिंगनं सुटत नाही. आपल्या कॅसेटींमध्ये एकात शेकडो, हजारो गेम असल्याचा दावा असायचा. प्रत्यक्षात मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे. त्यांच्यात चिपवर काळ्या रेझिनचा थेंब ओतलेला असतो, वर कुठलाही क्रमांक नसतो, आणि मॅपरचं सर्किट कारखान्यागणिक बदलतं. मजकूर उतरवला तरी सर्किट समजून घेतल्याशिवाय तो चालत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं आढळलं. तो हिशेब तिथल्या अधिकृत गेम्सचा. सांगली-नाशिकच्या दुकानांत विकल्या गेलेल्या बेनामी कॅसेटी त्यात धरलेल्याच नाहीत.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी कॅसेट पडून आहे त्यांनी ती भंगारात देऊ नये. फुंकर मारू नये. ओलाव्यानं धातूचे पाय गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते पुसावेत, खोका उघडून सर्किट बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, आणि मजकूर उतरवण्याचं उपकरण असणाऱ्या जाणकाराकडे ती सोपवावी. एम्युलेटर लिहिणारे जगभर आहेत आणि नवं सर्किट समजलं की ते आनंदानं जोडून घेतात. त्यांना महाराष्ट्रातली कॅसेट मिळण्याचा एकच मार्ग आहे: ती इथल्या कोणीतरी दिली पाहिजे.