निवडुंगाचे बी आणि बागेचे भांडवल

लातूर व नांदेड जिल्ह्यांना अवर्षण नवे नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात कमी पाण्यावर येणाऱ्या ड्रॅगन फळाकडे शेतकऱ्यांचे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होय. हे फळ अमेरिका खंडातून आलेल्या निवडुंगाच्या वेलीचे आहे. बहुतेक वनस्पती आपली पर्णरंध्रे दिवसा उघडतात. निवडुंग ती प्रामुख्याने रात्री उघडतो. त्यामुळे त्यातील पाणी कमी उडून जाते. परंतु वेल जगली म्हणजे फळ मिळालेच, असे मात्र नाही.

एका रात्रीचे फूल

या वेलीचे फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. पांढऱ्या गराच्या पुष्कळ वाणांत स्वतःच्याच परागाने फळ धरते. लाल गराच्या अनेक वाणांत मात्र तो पराग निष्फळ ठरतो. त्यांना भिन्न वाणाचा पराग लागतो. सर्व रोपे एकाच वेलीच्या छाट कलमांची असतील, तर शेजारच्या रोपाचा परागही उपयोगी पडत नाही. बाग फुलते, पण फुले गळून जातात आणि सिमेंटचे खांब, ठिबक संच व रोपे यांत गुंतविलेले भांडवल अडकून पडते.

सोपी परीक्षा

लागवड वाढविण्यापूर्वी वाणाची परीक्षा करता येते. संध्याकाळी, उमलण्याच्या बेतात असलेल्या कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. रात्री फूल उमलताच पिशवी काढून मऊ कुंचल्याने त्याच फुलातील पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावावा व पिशवी पुन्हा बांधावी. असे चार-पाच फुलांवर करावे. फळ धरल्यास वाण स्वफलित समजावा. सर्व फुले गळाल्यास बागेत दुसरा वाण लावणे आवश्यक ठरते.

बी शाळेसाठी, कलम शेतासाठी

अशा स्वपरागित फळाच्या बियांपासून हुबेहूब मूळ वेलीसारखी रोपे मिळतील, हा समज बरोबर नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत संकरित झाडांच्या स्वपरागित बियांतूनही सुमारे एक-चतुर्थांश झाडे वेगळ्या गुणाची निघाली होती. शिवाय बियांपासूनच्या वेलीला फळे येण्यास छाट कलमापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून शेतात कलमेच लावावीत.

शाळेत मात्र हे बी उत्तम शिक्षक ठरेल. गर धुऊन बी सावलीत सुकवावे, वाळूमिश्रित मातीवर विरळ पेरावे आणि वर पाण्याचा हलका फवारा द्यावा. साधारणतः दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. एकाच फळाच्या रोपांतील फरक विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावेत.

ग्रामपंचायत सदस्यांनी व कृषी कर्मचाऱ्यांनी नव्या बागायतदाराला एवढे अवश्य विचारावे : रोपे कोणत्या वाणाची, आणि सोबतीला दुसरा वाण आहे काय? हा प्रश्न लागवडीपूर्वी विचारला गेला, तर पुढची हानी टळेल.