जेमतेम वापरलेल्या गाडीचा भाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक ते तीन वर्षे वापरलेल्या गाडीचा भाव दहा वर्षांच्या गाडीसारखा ठरत नाही. जुन्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा यांची अवस्था पाहून बोली लागते. जेमतेम वापरलेल्या गाडीत वरची मर्यादा ठरते ती त्याच मॉडेलची नवी गाडी आज कितीला मिळते यावरून, आणि त्या मर्यादेतून काय काय वजा व्हायचे ते बहुतांशी कागदांवर लिहिलेले असते. तरीही सौद्याचे सगळे श्रेय बोलण्याच्या कसबाला दिले जाते. घासाघीस जमणारा एखादा काका आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत घेतला की काम झाले, अशी समजूत आहे. मेकॅनिक न्यावाच, पण आकडे घरून मांडून निघावे लागते.

‘शोरूमच्या दारातून बाहेर पडली की गाडी वीस टक्क्यांनी उतरते’ हे वाक्य घेणारा आणि विकणारा दोघेही आपापल्या सोयीने वापरतात. असा कोणताही ठरीव टक्का नाही. ज्या मॉडेलसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, त्याची वर्षभर वापरलेली गाडी फारशी उतरत नाही. ज्या मॉडेलची नवी आवृत्ती बाजारात आली आहे ते मात्र झपाट्याने खाली येते. शिवाय हा टक्का कशावर मोजायचा, हेही सहसा स्पष्ट केले जात नाही. ऑन-रोड किमतीत एक्स-शोरूम भावाशिवाय रोड टॅक्स, विमा, नोंदणी आणि बहुतेकदा डीलरने गळ्यात मारलेल्या अ‍ॅक्सेसरीज असतात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. गाडी राज्यातच विकली गेली तर हा कर नव्या मालकाला पुन्हा भरावा लागत नाही, त्यामुळे विकणाऱ्याने त्याचा काही भाग किमतीत धरणे रास्तच आहे. सीट कव्हर आणि अलॉय व्हीलचे पैसे त्याच हक्काने मागता येत नाहीत.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे पहिल्या मालकाचे बिल हाच हिशेबाचा पाया असतो, हा. १२०० सीसीच्या आतली आणि चार मीटरपेक्षा आखूड अशी एक पेट्रोल गाडी उदाहरणादाखल घेता येईल. २०२५ च्या सुरुवातीला तिचा एक्स-शोरूम भाव ९ लाख रुपये होता असे धरले, तर ११ टक्क्यांनी रोड टॅक्सचे ९९ हजार आणि विमा-नोंदणीचे सुमारे ४५ हजार मिळून ती मालकाला १० लाख ४४ हजारांना पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गावरचा कर २८ टक्के जीएसटी अधिक १ टक्का सेस यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. कंपनीने ही सवलत पूर्णपणे पुढे दिली असे मानल्यास तीच गाडी ८ लाख २३ हजारांवर येते आणि ऑन-रोड ९ लाख ६० हजारांच्या आसपास पडते. आता मालक म्हणतो, ‘साडेदहा लाखांची गाडी आहे, पंधरा टक्के सोडतो.’ म्हणजे त्याची मागणी ८ लाख ८७ हजारांच्या घरात जाते. ऐकताना दीड लाख वाचल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात नव्या गाडीपासूनचे अंतर पाऊण लाखाचेही भरत नाही. नव्या गाडीवर डीलरकडून तीस हजारांची सूट मिळाली, तर उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस हजारांत वॉरंटीचा संपलेला काळ, गाडी नावावर करण्याचा खर्च आणि कर्जाचे जादा व्याज हे सगळे बसवावे लागते. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा सहसा चढाच असतो. अशा सौद्यात मालक खोटे बोलत नसतो. त्याने खरोखरच तेवढे पैसे मोजलेले असतात, पण त्या कराचा भार आज बाजार उचलत नाही. मोठ्या गाड्यांवरही जीएसटी आणि सेस मिळून असलेला भार त्याच दिवशी ४० टक्क्यांवर आला, त्यामुळे हाच हिशेब त्यांनाही लागू आहे.

विमा पॉलिसीवरची आयडीव्ही म्हणजे गाडीचा सरकारमान्य भाव, असेही अनेकांना वाटते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल, एवढेच आयडीव्ही सांगते. ती एक्स-शोरूम भावावर ठराविक घसारा लावून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के. या तक्त्याला गाडी किती पळाली, ठोकली होती का, मॉडेलला मागणी किती, यातले काहीच माहीत नसते. दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी तीच असते, तक्त्यावर मात्र ती दहा टक्क्यांनी उतरते. बोलणी सुरू करायला हा आकडा ठीक आहे, पण त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

कमी रनिंग म्हणजे जास्त भाव, ही समजूत अर्धी खरी आहे. महामार्गावर वर्षाला वीस हजार किलोमीटर धावलेली आणि वेळेवर सर्व्हिसिंग झालेली गाडी ही सोसायटीच्या आवारात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर कडक होतात. मीटरवरचा आकडा पडताळण्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर तिथे लिहिलेले असतात. टायरवरही चार अंकी शिक्का असतो. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२३ ची आणि एकच टायर २०२५ चा असेल, तर तो का बदलला हे विचारावे. पुराचे पाणी शिरलेल्या गाडीची शंका असल्यास सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. धुतलेल्या गाडीतही गाळाची रेघ तिथे बऱ्याचदा राहून जाते. आरसीवर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना वेगवेगळे दिलेले असतात. डिसेंबरात बनून जानेवारीत नोंदलेली गाडी पुढे विकताना तिच्या उत्पादनाच्या वर्षानेच ओळखली जाते, म्हणून घेतानाही तेच वर्ष धरावे.

वॉरंटीकडे मात्र बोलणीत विचित्र दुर्लक्ष होते. मारुती सुझुकीने ९ जुलै २०२४ पासून ताब्यात दिलेल्या गाड्यांची मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत वाढवली. म्हणजे त्या वर्षीच्या जूनमधली आणि ऑगस्टमधली, एकाच रंगाची आणि एकाच व्हेरियंटची गाडी शेजारी शेजारी उभी असली तरी त्यांचा भाव एक असू नये. विकत घेतलेली वाढीव वॉरंटी पुढच्या मालकाला मिळण्यासाठी कंपनीच्या अटीनुसार नाव बदलून घ्यावे लागते, तेही सौदा पक्का होण्याआधी विचारून ठेवावे.

‘विमा चालू आहे, वर्षभर बघायला नको’ या वाक्यातही एक मेख असते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे आणि त्यातली उरलेली वर्षे गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, ही मालकाची असते, गाडीची नाही. तो ती आपल्या पुढच्या गाडीवर नेतो आणि घेणाऱ्याला फरकाचे पैसे भरावे लागतात.

डीलरकडून गाडी घेताना ‘वर १८ टक्के जीएसटी’ असे कुणी सांगितले तर तो हिशेब तपासून घ्यावा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर वापरलेल्या सर्व गाड्यांवर १८ टक्के दर लागू झाला हे खरे. पण तो गाडीच्या संपूर्ण किमतीवर नसून डीलरच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर आहे. आठ लाखांच्या गाडीवर डीलरचे मार्जिन पन्नास हजार असेल, तर कर नऊ हजार होतो. नोंदणीकृत व्यावसायिक नसलेल्या एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली खासगी गाडी विकली, तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या साखळीतल्या दुकानात ‘किंमत फिक्स्ड’ अशी पाटी दिसली की अनेक जण बोलणे थांबवतात. गाडीची किंमत तिथे हलत नसेलही, पण तिच्या भोवतीच्या रकमा हलतात. ‘आरटीओ खर्च’ म्हणून काही हजार लावले जातात, तेव्हा सरकारी शुल्क किती आणि एजंटचे किती हे सुटे करून मागावे. कर्जाचा बोजा नसलेल्या कारच्या मालकी-बदलाचे सरकारी शुल्क काही शे रुपयांतच असते. दोन नवे टायर, एक सर्व्हिसिंग, विम्याचा फरक या गोष्टी पदरात पाडून घेणे एकूण किमतीतले दहा हजार कमी करून घेण्यापेक्षा सोपे जाते. याच्या उलट, मागणीच्या निम्म्याने सुरुवात करायची जुनी रीत इथे चालत नाही. भाव पाच-सात टक्क्यांच्या पट्ट्यात फिरत असताना निम्म्याची बोली लावणाऱ्याला विकणारा गंभीरपणे घेत नाही.

दिल्ली किंवा गोवा पासिंगची गाडी स्वस्त दिसते. तिला मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्रातला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि जुन्या राज्यातल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. ही सगळी बेरीज करून मग स्वस्ताई मोजावी. गाडी कुठलीही असो, खरेदीची वेळ साधली तर तिचाही थोडा फायदा मिळतो. पितृपंधरवड्यात घेणारे कमी असतात, दसरा-पाडव्याला विकणारा ताठ असतो, आणि वर्ष संपताना डीलर जानेवारीत गाडी ‘एक वर्षाने जुनी’ होण्यापूर्वी ती काढू पाहतो.

भाव ठरला की सौदा संपला, हा शेवटचा गैरसमज. इसाराची रक्कम देण्यापूर्वी आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि ई-चलान थकले आहे का, हे तपासावे. बोजा असेल तर तो उतरवण्याची जबाबदारी आणि मुदत लिहून घ्यावी. राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ‘टीटी फॉर्मवर सही केली, बाकी तुम्ही बघा’ असे म्हणून, म्हणजे मालकी-बदलाच्या अर्जावर नुसती सही देऊन, मोकळा होणारा विक्रेताही धोका पत्करत असतो. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर गेली की ती विकली जाईपर्यंत तो डीलरच तिचा मालक मानला जातो. हे अधिकारपत्र दाखवू न शकणाऱ्या डीलरचा भाव पंधरा-वीस हजारांनी कमी असला, तरी मालकी-बदल अडकला तर तो निस्तरण्याचा खर्च आणि हेलपाटे घेणाऱ्याच्याच वाट्याला येतात.