तालुक्याचा वकील

खटाव तालुक्याचा कारभार खटावातून चालत नाही, वडूजमधून चालतो. तहसील कचेरी, न्यायालय, दस्त नोंदणी, जमीन मोजणी, सगळे येरळाकाठच्या या एका गावात. मायणी, निमसोड, पुसेसावळी, औंध, कातरखटाव अशा गावांतून येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक पिशवी असते आणि पिशवीत तीन पिढ्यांचे कागद. तो कचेरीच्या आधी वकिलाकडे जातो. त्या वकिलाचे काम नेमके काय असते, हे इथे सांगायचे आहे.

पिशवीतले कागद

पक्षकार येतो आणि भांडण सांगू लागतो. जाणता वकील ते ऐकून घेतो, पण बोट ठेवतो कागदावर. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा. सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा असे गावाकडे पक्के मानले जाते. प्रत्यक्षात तो फक्त महसुली नोंदीचा उतारा आहे. मालकी ठरते ती वारसा, खरेदीखत, वाटप, कोर्टाचा हुकूमनामा यांवरून, आणि वाद झालाच तर दिवाणी न्यायालयात. फेरफार मंजूर झाला म्हणून जमीन कायमची आपली झाली, असे होत नाही. एवढी एक गोष्ट वेळेवर समजली तर कितीतरी घरांचे पैसे आणि वर्षे वाचतात. तालुक्याच्या वकिलाची खरी सेवा मला इथे दिसते, दावा लागण्याच्या आधी.

बांध, वाट, वाटप

या दुष्काळी पट्ट्यात जमिनीचे तंटे तीन वाटांनी येतात. बांध कोरला, शेताची वाट अडवली, भावाभावांत वाटप अडले. तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत.

बांधाच्या तंट्यात आधी सरकारी मोजणी हवी, नाहीतर दोन्ही बाजू नुसते बोट दाखवत राहतात. चालू वहिवाटीची वाट किंवा पाटाचे पाणी कुणी अडवले, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराकडे जाता येते. मुदत मात्र फक्त सहा महिन्यांची. आज बघू, उद्या बघू करत ती निघून जाते आणि मग दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. मुळात वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते.

वाटपाचे सगळ्यात गुंतागुंतीचे. सर्वांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारापुढे ते सरळ होते. संमती नसेल तर दिवाणी दावा. त्यातही कोर्ट फक्त हिस्से ठरवते. सरकारी सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसील, तिथून मोजणी. दावा जिंकलेला माणूस वर्षानुवर्षे जमिनीचा ताबा का मागत फिरतो, त्याचे एक कारण हे. ‘निकाल लागला की झाले’ असे सांगणारा वकील अर्धेच सांगतो.

बहिणीची सही

वकिलाच्या सचोटीची परीक्षा घेणारा एक कागद आहे: हक्कसोडपत्र. वडील गेले की भाऊ बहिणींना घेऊन येतात. मसुदा तयार असतो, साक्षीदार बाहेर थांबलेले असतात. बहीण माहेर तुटू नये म्हणून गप्प असते.

कायदा तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळाला. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे मात्र कायम राहतात.

बहिणीने स्वखुशीने हक्क सोडायला कुणाची ना नाही. पण वकिलाने तिला भावांपासून बाजूला बसवून, किती क्षेत्र आहे, विहिरीत हिस्सा किती, सहीने काय जाणार, हे तिच्या बोलीत सांगायला हवे. नोंदणी झालेला दस्त फसवणुकीच्या कारणाने रद्द करायचा तर पुन्हा दावा, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. फी देणारा भाऊ असला, तरी त्या खोलीत सर्वात जास्त गमावणारी व्यक्ती बहीण असते. तिला न समजावता सही घेणाऱ्याला मी चांगला वकील म्हणणार नाही, मग त्याने कितीही दावे जिंकलेले असोत.

गावातच तंटा मिटवण्याची धडपड

तडजोडीचा प्रयत्न या मुलखाला नवा नाही. १८७५ च्या सावकारविरोधी उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. सावकाराच्या कर्जरोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशांना दिला, आणि गावमुन्सफ व समेट घडवणारे पंच नेमण्याची सोयही केली. त्याच काळात सातारचे मूळ रहिवासी, पुण्यात वकिली करणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, लवाद कोर्टांसाठी झटत होते.

वडूजच्या शेजारी औंध संस्थानात १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेकडे सोपवली. गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या त्या घटनेत कारभाराचा पाया गावची निवडून आलेली पंचायत होता, आणि न्यायदानाचे कामही तिच्याकडे आले. ही घटना साकारण्यात राजपुत्र अप्पा पंतांचा मोठा वाटा होता आणि ते स्वतः बॅरिस्टर होते. पुढे १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात न्यायदान मंडळे चालवली. सरकारी कोर्टाची पायरी न चढता लोक तिथे तंटे नेत.

वकिलीतून लोकांत

‘छोडो भारत’ चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या तहसील कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा आला. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्याच जिल्ह्यात कराडला यशवंतराव चव्हाणांनी १९४१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन वकिली सुरू केली होती. वर्षभरातच ती सोडून ते याच चळवळीत भूमिगत झाले. कराडलाच वकिली करणारे बाळासाहेब देसाई जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले, पुढे शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी आर्थिकदृष्ट्या मागास मुलांची फी माफ करवली. जिहे-कठापूर उपसा योजनेला ज्यांचे नाव आहे ते लक्ष्मणराव इनामदार खटावचे. कायदा शिकून गुजरातेत संघकार्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाला लोक वकीलसाहेब म्हणत.

ही मोठी नावे. बाकीचे वकील तालुक्यातच राहतात. शाळेच्या संस्थेची घटना लिहितात, पतसंस्थेचे ठराव तपासतात, कालव्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे अर्ज भरतात.

फी आणि मोफत मदत

दाव्याच्या निकालावर फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या जमिनीत हिस्सा घेणे वकिलाला नियमाने मना आहे. असे कुणी सुचवले तर पक्षकाराने उठून यावे. दिलेल्या पैशाची पावती मागण्यात संकोच नको.

ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा आधार आहे. प्रत्येक स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले लोक यांनाही. कलम १२ मध्ये दुष्काळाने अडचणीत आलेल्यांचाही उल्लेख आहे. खटाव-माणमधल्या माणसाने हे लक्षात ठेवावे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तिथेही समजून घेऊनच सही करावी.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष तालुक्यातील ज्येष्ठ न्यायाधीश असतात आणि कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. जाताना सगळे कागद घेऊन जा, आणि हक्काचा प्रश्न बहिणीचा असेल तर तिला बरोबर घेऊन जा.