कानांतलें बिनतारी यंत्र : कांहीं नेहमींचे प्रश्न



गेल्या पावसाळ्यांत एक पालक आपल्या नववींतील मुलास घेऊन मजकडे आले. त्यांनीं टेबलावर एक चकचकीत डबी ठेविली आणि म्हणाले, "सर, हट्ट केला म्हणून एवढे महाग इअरबड घेऊन दिले, आणि चार महिन्यांत डाव्या बाजूचा आवाज बसला! आतां नवे घ्यावे काय?" मी कांहीं यंत्रें दुरुस्त करणारा कारागीर नव्हे, पदार्थविज्ञान शिकविणारा शिक्षक. तथापि त्या डबीनें मला विचार करावयास लाविलें. पुढें अनेकांनीं असेच प्रश्न विचारिले. त्यांचीं उत्तरें येथें एकत्र देत आहें.

प्रथम थोडें तत्त्व पाहूं. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी केंद्र मुंबईस सुरू झालें, त्या काळीं कित्येक श्रोते तारेनें जोडलेलीं यंत्रें कानास लावून कार्यक्रम ऐकत. आज ती तारही गेली. फोन ध्वनीचें रूपांतर अंकांत करितो व ते अंक सुमारें २.४ गिगाहर्ट्‌झ कंपनसंख्येच्या रेडिओलहरींवरून धाडतो; कानांतील यंत्र त्यांचा पुनः ध्वनि करितें. या पद्धतीस 'ब्लूटूथ' म्हणतात. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या 'निळा दात' अशा अर्थाच्या टोपणनांवावरून हें नांव पडलें. असो.

प्रश्न १. घरीं आवाज नीट येतो. पनवेल स्थानकांत मात्र तुटतो. असें कां?

ज्या लहरींवर हे इअरबड चालतात, त्याच पट्ट्यांत वायफाय व इतर पुष्कळ यंत्रें चालतात. टक्कर टाळण्यासाठीं ब्लूटूथ ७९ मार्गांवरून सेकंदास १६०० वेळां उड्या मारितो. परंतु फलाटावर शेंकडों लोकांचीं यंत्रें एकाच वेळीं बोलूं लागलीं म्हणजे कोणता तरी शब्द हरवावयाचाच. दुसरें कारण आपणच. मनुष्यदेहांत बहुतांश पाणी आहे व तें या लहरी शोषून घेतें. फोन पाठीवरच्या दप्तरांत ठेविला कीं, लहरींच्या वाटेंत आपलें शरीरच आडवें येतें. फोन हातांत अगर वरच्या खिशांत ठेवावा. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें.

प्रश्न २. एकच बाजू वाजते. दुसरी अगदीं मुकी आहे.

डबींत ज्या बारीक धातूच्या टोंकांवर इअरबड टेकतो, त्यांवर घाम व धूळ बसली कीं वीज पोंचत नाहीं. तीं टोंकें कोरड्या सुती कापडानें पुसावीं. मग दोन्ही इअरबड डबींत ठेवून झांकण कांहीं वेळ बंद करावें व पुनः उघडावें. तरीही गुण न आल्यास फोनमधून त्यांची नोंद काढून टाकून जोडणी नव्यानें करावी.

प्रश्न ३. आवाज येतो, पण बारीक येतो.

बहुधा जाळींत कानांतला मळ अडकलेला असतो. रबरी टोपी काढून इअरबडचें तोंड खालीं धरावें व मऊ, कोरड्या ब्रशानें हळूच झाडावें. टांचणी खुपसूं नये, पाणी घालूं नये.

प्रश्न ४. पावसांत भिजले तर?

आपल्या कोंकणांतील पावसाळ्यांत हा प्रश्न अटळच. वेष्टनावर 'आयपीएक्स४' असें लिहिलेलें असल्यास चोहोंकडून उडणारे शिंतोडे तें यंत्र सोशील, एवढाच त्याचा अर्थ. नळाखालीं धुवावें असा नव्हे. शिवाय ही शक्ति कालांतरानें कमी होते. भिजलेला इअरबड पुसून कांहीं तास उघड्या हवेंत ठेवावा. ओला असतां डबींत घालूं नये. तांदुळांत पुरूं नये, कारण पीठ भोंकांत शिरतें. गरम हवाही देऊं नये.

प्रश्न ५. पूर्वीपेक्षां लवकर कां बंद पडतात?

आंत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ती वापरानें झिजते आणि उष्णतेनें अधिकच झिजते. म्हणून डबी उन्हांत किंवा तापलेल्या मोटारींत ठेवूं नये. डबी फुगलेली दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा.

प्रश्न ६. बाहेरचा गोंगाट बंद करण्याची सोय नीट चालत नाहीं.

ध्वनीच्या लहरीस नेमकी उलटी लहर भिडविली तर दोन्ही एकमेकींस मारितात. या कल्पनेवर पॉल ल्यूग या जर्मन संशोधकास अमेरिकेंत १९३६ सालीं पेटंट मिळालें. टोपी कानांत घट्ट न बसल्यास फटींतून गोंगाट शिरतो. म्हणून योग्य मापाची टोपी निवडावी. परंतु एक ताकीद आहे. रुळांजवळ किंवा महामार्ग ओलांडतांना ही सोय बंद करून इअरबड कानांतून काढावे. गाडीचा भोंगा न ऐकण्याची किंमत इअरबडच्या किंमतीहून फार मोठी आहे.

आतां त्या मुलाची हकीकत. मीं जाळी झाडली, जोडणी नवी केली, तरी तो म्हणे, "सर, डावा बारीकच." तेव्हां तेच इअरबड मीं स्वच्छ पुसून स्वतः लाविले, नंतर त्याच्या वडिलांस दिले. आम्हां दोघांसही दोन्ही आवाज सारखेच आले! दोष यंत्रांत नव्हताच. तो कानांत होता. वडिलांचा चेहरा उतरला. सुदैवानें डॉक्टरांस केवळ साठलेला मळ आढळला. इअरबड वारंवार घातल्यानें तो आंत ढकलला जातो. मळ काढतांच आवाज परत आला.

परंतु दर वेळीं असें सुदैव असेलच, असें नाहीं. आपल्या प्रत्येक कानांत सुमारें १५ हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. मोठ्या आवाजानें त्या मेल्या तर पुनः उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढले कीं मुदत निम्मी होते. म्हणून आवाज साठ टक्क्यांच्या खालीं ठेवावा व मधून मधून कानांस विश्रांति द्यावी. कानांत शीळ वाजूं लागल्यास अगर बोलणें अस्पष्ट ऐकूं आल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, तक्रार आल्यास नवे इअरबड घेण्यापूर्वीं जुने एकदां स्वतःच्या कानास लावून पाहावे. यंत्र दुकानांत दुसरें मिळतें; कान मिळत नाहीं.