लुसिओची ३८६ मिनिटे

३८६. २००६च्या विश्वचषकात ब्राझीलचा बचावपटू लुसिओ सलग इतकी मिनिटे एकही फाऊल न करता खेळला. चार पूर्ण सामन्यांची ३६० मिनिटे आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातली वरची २६. विश्वचषकातला तो विक्रम ठरला. गोलरक्षकापुढे मधोमध खेळणाऱ्या बचावपटूला आपल्याकडच्या जुन्या मैदानांवर ‘स्टॉपर’ म्हणतात. स्टॉपर म्हटला की खांदा मारणे, जर्सी ओढणे, पाय जरा उशिरा घालणे हे सगळे ओघाने आलेच. १.८८ मीटर उंचीच्या या गड्याने क्रोएशिया, ऑस्ट्रेलिया, जपान आणि घाना या चारही संघांच्या फॉरवर्डना अडवले, पण पंचाला त्याच्यासाठी एकदाही शिट्टी फुंकावी लागली नाही.

फ्रान्सने तो सामना १–० असा जिंकला आणि ब्राझील घरी गेला. लुसिओच्या करंडकांच्या यादीत ३८६ कुठे दिसत नाही. बचावपटूच्या आकडेवारीची गोची इथेच आहे. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात. स्टॉपरच्या बाबतीत जे घडलेच नाही ते मोजायचे असते, आणि तो रकाना कोणी छापत नाही.

लुसिओच्या नावापुढे छापलेला आकडा असा: ब्राझीलसाठी १०५ सामने, ४ गोल. यावरून काय कळणार? त्यापेक्षा विश्वचषकाचा हिशेब मांडून पाहू. २००२मध्ये ७ सामने, २००६मध्ये ५, २०१०मध्ये ५. असे १७, आणि सतराही सामन्यांत लुसिओ मैदानात. ब्राझीलवर गोल चढले अनुक्रमे ४, २ आणि ४. म्हणजे १७ सामन्यांत १०, आणि त्यातल्या ९ सामन्यांत शून्य. या दहांतला एक गोल मात्र सरळ लुसिओच्या खात्यावर टाकावा लागतो. २००२मध्ये इंग्लंडविरुद्ध २३व्या मिनिटाला त्याला चेंडू नीट थोपवता आला नाही आणि मायकल ओवेनने तो उचलून गोल केला. पुढे रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्योने सामना २–१ असा फिरवला, म्हणून ती चूक आज तळटीपेत आहे. सामना हरला असता तर लुसिओची ओळख त्या एका मिनिटाने झाली असती. स्टॉपरचा धंदाच असा बेइमान.

आता गोल. लेव्हरकुसेनकडून बुंडेसलिगात ९२ सामने आणि १५ गोल. बायर्न म्युनिककडून १४४ सामने आणि ७. एकीकडे साधारण सहा सामन्यांमागे एक, दुसरीकडे विसांमागे एक. लुसिओ पायात चेंडू घेऊन मैदानाच्या मधून उधळत जायचा, ब्राझीलमध्ये त्याला ‘घोडा’ म्हणत. माझा अंदाज असा की लेव्हरकुसेनला त्याचे हे उधळणे हवेच होते; बायर्नकडे पुढे गोल करणारे पुष्कळ होते, त्यांना घोडा दावणीला हवा होता. गोल घटले म्हणून खेळाडू घसरला असे म्हणायची सोय नाही, कारण लुसिओ तिथे होता त्या पाच वर्षांत बायर्नने तीनदा लीग आणि तीनदा जर्मन चषक जिंकला.

सुरुवात मात्र ०–७ने झाली होती. लुसिओ ब्रासिलियाजवळच्या प्लानाल्टिना गावचा, जन्म १९७८चा. १९९७मध्ये ब्राझीलच्या चषक स्पर्धेत तो ग्वारा या छोट्या क्लबकडून पोर्तो अलेग्रेच्या इंटरनॅसिओनालविरुद्ध खेळला आणि संघाने सात गोल खाल्ले. सात गोल खाणाऱ्या संघातला स्टॉपर कोण घेईल? इंटरनॅसिओनालनेच घेतला. कोणी तरी त्या दिवशी धावफलक सोडून माणसाकडे पाहत होते.

२००१च्या आरंभी तो जर्मनीत, लेव्हरकुसेनकडे गेला. पुढचा हंगाम लेव्हरकुसेनची दुखरी आठवण आहे: लीगमध्ये एका गुणाने दुसरे, जर्मन चषकाच्या अंतिम फेरीत शाल्केकडून २–४, आणि १५ मे २००२ला ग्लासगोत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत रेआल माद्रिदकडून १–२. त्या रात्री झिदानने हवेतल्या हवेत मारलेला गोल जगाला पाठ आहे. लेव्हरकुसेनचा एकमेव गोल लुसिओने डोक्याने केला होता, तो किती जणांना आठवतो? त्यानंतर ४६ दिवसांनी, ३० जूनला, योकोहामात तो जगज्जेता झाला. समोरच्या जर्मन संघात त्याचेच तीन क्लबमित्र होते: श्नायडर, रामेलो आणि नॉयव्हिल.

२००९च्या उन्हाळ्यात बायर्नचे नवे प्रशिक्षक लुई व्हान खाल यांना ३१ वर्षांचा लुसिओ नको होता. त्याच्या थोडेसे आधी, २८ जूनला, त्याने कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम फेरीत ८४व्या मिनिटाला अमेरिकेविरुद्ध विजयी गोल केला होता. ०–२ने मागे पडलेला ब्राझील ३–२ने जिंकला. त्या १०५ सामन्यांतल्या चार गोलांपैकी हा एक. बायर्नला नको असलेला ब्राझीलचा हा कर्णधार मिलानला, इंटरकडे गेला. २२ मे २०१०ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता इंटर विरुद्ध बायर्न. मिलितोचे दोन गोल, इंटर २–०. बायर्नचा रकाना शून्य, आणि तो शून्य राखणाऱ्यांत लुसिओ. लीग आणि इटालियन चषक आधीच खिशात होते.

युव्हेंटसमधले सहा महिने, मग साओ पावलो, पाल्मेरास. हे भराभर उलटायचे पान आहे. वय झाले होते.

२०१५मध्ये, ३७व्या वर्षी, तो मडगावात, एफसी गोवाकडे आला. ब्राझील, जर्मनी, इटलीनंतर त्याचा चौथा देश भारत. संघाचे प्रशिक्षक होते झिको. साखळीत १४ सामने, २५ गुण, आठ संघांत पहिला क्रमांक. १७ नोव्हेंबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोव्याने मुंबई सिटीला ७–० असे लोळवले. डुडू आणि हाओकिप दोघांच्याही हॅटट्रिक. अठरा वर्षांनी तोच धावफलक, या खेपेला लुसिओच्या संघाच्या बाजूने. (मुंबईकरांनी हे वाक्य वाचले नाही तरी चालेल.)

२० डिसेंबरला त्याच मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २–१ पुढे. उरली फक्त तीन मिनिटे आणि भरपाईचा वेळ, म्हणजे स्टॉपरचे काम. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमणीच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. भरपाईच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नईयिन ३, गोवा २.

पुढच्या हंगामात लुसिओ पुन्हा गोव्यात खेळायला आला. आठ संघांत एफसी गोवा आठवा आला.