तटबंदीआड नांदणारा पन्हाळा

कोल्हापूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० फूट उंचीवर पन्हाळा आहे. बरेच गड ओस पडले. इथे मात्र तटाच्या आत आजही घरं, शाळा, बाजार आणि नगरपालिका नांदते. गडाच्या डोंगरात खाली बेसॉल्ट, माथ्यावर सच्छिद्र जांभा. पाणी मुरतं, म्हणून विहिरी टिकतात. तिमजली अंधारबाव बघितली की पाण्याची राखण कशी करत, ते कळतं. बाराव्या शतकातल्या शिलाहार भोजाने बांधलेला हा गड. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवराय विशाळगडाकडे निसटले ते इथूनच. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, हे पर्यटकांना कुणी सांगत नाही! पुढे ताराबाईंची राजधानी इथे होती. १७८२ मध्ये ती कोल्हापुरात हलली. माणसं मात्र गडावरच राहिली.